राजांगणाभोवती रोमन धर्तीची किनार : नमुना कोणता घ्यावा आणि कोपरा कसा वळवावा?

वसरीवाले (फोंडा)

सर्व जाणकारांना नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घराची दुरुस्ती सध्या चालू आहे. घराच्या मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, असून त्याच्या चारही अंगांनी वसरी (ओसरी) फिरते. वसरीचा जुना कोबा जागोजागी फुटला आहे आणि तो उकरून जमीन नव्याने केल्यावाचून आता गत्यंतर नाही. तयार लाद्या बसवून मोकळे व्हावे, असे गवंड्याचे मत आहे. माझ्या मनात मात्र वेगळेच आहे. राजांगणाच्या कडेने दगडाच्या लहान चौकोनी खड्यांची एक नक्षीदार पट्टी फिरवावी, प्राचीन रोमन घरांच्या जमिनींवर असते तशी, आणि बाकीची जमीन अगदी साधी ठेवावी. मधोमध देवदेवतांचे किंवा माशांचे चित्र वगैरे काही नको. केवळ किनार हवी.

संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे पाहताना तीन प्रकार पुनःपुन्हा समोर आले. पहिला गोफाचा, ज्यात दोन किंवा अधिक पदर एकमेकांच्या वरखाली जात राहतात. दुसरा काटकोनात वळत जाणाऱ्या रेषेचा, ज्याला इंग्रजी पुस्तकांत मिअँडर म्हणतात. तिसरा एकामागून एक वळणाऱ्या लाटांचा. सरळ भागात तिन्ही प्रकार सोपे वाटतात. परंतु कोपऱ्यावर दृष्टी गेली की प्रत्येक जमिनीत काहीतरी निराळेच केलेले दिसते. कोठे नक्षी सुरेख वळते, कोठे ती तोडून मध्ये फूल बसवलेले असते, तर कोठे सरळ सरळ ओढूनताणून जुळवलेले असते.

किनारीच्या मध्यरेषेवर मोजल्यास राजांगणाची लांब बाजू ५.२० मीटर आणि आखूड बाजू ४.१० मीटर भरते. पट्टीची रुंदी जास्तीत जास्त २० सेंटिमीटर ठेवता येईल आणि वसरीची एकूण रुंदी १.८० मीटर आहे. या मापांत कोणता नमुना नीट बसेल, आणि रोमन कारागीर कोपऱ्याचा प्रश्न कसा सोडवत असत, हे कोणी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

आलेखवही (म्हापसा)

आपण प्रश्न नेमक्या जागी आणून ठेवला आहे. रोमन जमिनींच्या नक्षीच्या मोठ्या सूची उपलब्ध आहेत. फ्रेंच संशोधकांनी १९८५ आणि २००२ साली दोन खंडांत सिद्ध केलेली सूची तर या विषयात प्रमाण मानली जाते. नमुन्याला नाव देण्यासाठी अशी सूची उपयोगी पडते, पण कारागिराची बुद्धी पाहायची असेल तर प्रत्यक्ष जमिनीचा कोपराच पाहावा लागतो. सरळ पट्टी कोणीही ओढू शकतो. चार बाजूंची मापे वेगवेगळी असताना तीच नक्षी न तुटता स्वतःला येऊन मिळावी, हे काम हिशेबाचे आहे आणि तो हिशेब खडे लावण्याच्या आधी करावा लागतो.

प्रथम गोफ घेऊ, कारण माझ्या मते आपल्या जागेला तोच योग्य आहे. रोमन गोफाच्या प्रत्येक पदराला दोन्ही कडांनी गडद खड्यांची एक ओळ असते आणि तिच्या आत रंगांच्या दोन-तीन ओळी भरलेल्या असतात. एका पदरात तांबडा, पिवळसर आणि पांढरा, तर दुसऱ्यात करडा, फिकट करडा आणि पांढरा, ही जोडी पुष्कळ ठिकाणी आढळते. गडदाकडून पांढऱ्याकडे जाणाऱ्या या ओळींमुळे सपाट जमिनीवरील पदर गोल, उठावदार वाटतो. दोन पदरांच्या मध्ये जो लहानसा डोळा उरतो, त्यात बहुधा एखादाच पांढरा खडा बसवतात. सेंटिमीटरभर बाजूचे खडे घेतले, तर दोन पदरी गोफ १५ ते २० सेंटिमीटर रुंदीत समाधानाने बसतो.

आता आपली मापे. गोफाचा एक वेढा, म्हणजे एका डोळ्यापासून पुढच्या डोळ्यापर्यंतचे अंतर, १५ सेंटिमीटर धरले तर लांब बाजूवर साडेचौतिसांहून थोडे अधिक आणि आखूड बाजूवर सव्वासत्ताविसांहून थोडे अधिक वेढे येतात. अपूर्ण वेढा कोपऱ्यात चालत नाही. म्हणून लांब बाजूवर ३५ आणि आखूड बाजूवर २८ वेढे घ्यावेत. तसे केल्यास लांब बाजूचा वेढा १४.८६ सेंटिमीटरांचा आणि आखूड बाजूचा १४.६४ सेंटिमीटरांचा होतो. फरक दोन मिलिमीटरांच्या आसपास आहे आणि खड्यांमधल्या फटी किंचित कमीअधिक केल्या की तो सहज जिरतो. रोमन कारागीरही हेच करत असत. एका घरातील एकाच किनारीचे वेढे फूटपट्टी लावून मोजले तर ते क्वचितच तंतोतंत सारखे निघतात.

रंगांचा मुद्दा याहून नाजूक आहे आणि तो पुस्तकांत सहसा सांगितलेला नसतो. दोन पदर दोन रंगांचे असतील, तर प्रत्येक वेढ्याला आतला पदर बाहेर आणि बाहेरचा पदर आत जातो. पूर्ण फेरी झाल्यावर तांबडा पदर तांबड्यालाच येऊन मिळायचा असेल, तर वेढ्यांची एकूण संख्या सम असली पाहिजे. ती विषम झाली, तर अखेरीस तांबड्यासमोर करडा येऊन उभा राहतो आणि सगळी फेरी वाया जाते. शिगम्यात गोफ खेळताना एका गड्याचे पाऊल चुकले की शेवटी दोर सुटत नाहीत, तसा हा प्रकार आहे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तर ३५, २८, ३५ आणि २८ मिळून १२६ वेढे होतात आणि सम संख्या आपोआप मिळते. परंतु जुन्या घरांत समोरासमोरच्या बाजू कागदावरच सारख्या असतात. आपण चारही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात, दोन्ही कर्णही मोजावेत, आणि एखादी बाजू ३६ वेढे मागत असेल तर दुसऱ्या एखाद्या बाजूतही एक वेढा वाढवता किंवा घटवता येतो का, हे आधीच पाहावे. तीन पदरी, तीन रंगी गोफ करायचा झाला तर एकूण वेढ्यांना तीनने निःशेष भाग गेला पाहिजे. १२६ ला तोही जातो, त्यामुळे आपल्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

मिअँडरबाबत मी सावधगिरी सुचवीन. ती रेषा एका जाळीवर आखलेली असते आणि जाळीचे घर चौरसच असावे लागते. लहान घटकाचा साधा मिअँडर आपल्याकडे बसेल. मात्र रेषा एकमेकींना छेदून मध्ये चौकोन सोडणारा भव्य प्रकार, ज्याचा एक घटक ९० सेंटिमीटरांच्या आसपास जातो, तो आपल्या राजांगणाला नको. लांब बाजूवर त्याचे सहा घटक घेतले तर प्रत्येकी ८६.७ सेंटिमीटर होतात, आणि आखूड बाजूवर पाच घेतले तर प्रत्येकी ८२. जवळजवळ पाच सेंटिमीटरांचा हा फरक कोपऱ्यात एकदम उघडा पडतो, कारण तेथे दोन्ही बाजूंचे घटक शेजारी शेजारी येतात. शिवाय २० सेंटिमीटर रुंदीत तो मावणारही नाही. हे प्रकार मोठ्या दालनांसाठी होते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या आणि पहिल्या शतकांत तर ग्रीसमधील डेलॉस बेटावर आणि इटलीत हा मिअँडर छायाप्रकाश दाखवून असा रंगवला जाई की जमिनीवर जणू घन लाकडी चौकटी मांडून ठेवल्या आहेत असे वाटावे. पाहायला तो भव्य असतो, पण त्यावरून चालणाऱ्याची पावले अडखळत असतील, अशी शंका मला नेहमी येते.

लाट सर्वांत स्वस्त, कारण तिला दोनच रंग लागतात, आणि सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एक आहे. मॅसेडोनियातील पेल्ला येथे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस, कापलेल्या खड्यांऐवजी नदीतील गोट्यांनी केलेली हरणाच्या शिकारीची जमीन आहे. तिच्या मधल्या चित्राभोवती फुलांच्या वेलीची रुंद किनार असून वेलीच्या बाहेरून लाटांची पट्टी फिरते. लाटेची लांबी १० सेंटिमीटर ठेवली तर आपल्या बाजूंवर ५२ आणि ४१ लाटा बिनबाकी बसतात. अडचण एवढीच की लाटेला दिशा असते. चारही बाजूंनी ती एकाच दिशेने धावत राहिली, तर प्रत्येक कोपऱ्यात एक लाट तिरकी वळवावी लागते. दोन कोपऱ्यांतून निघून मध्यावर एकमेकींना भिडवायची असेल, तर तेथे काहीतरी अटकाव हवा.

शेवटचा मार्ग कोपरा टाळण्याचा. इटलीतील पोम्पेई येथील फॉन-गृह नावाच्या घरात १८३१ साली सापडलेले अलेक्झांडरच्या युद्धाचे प्रसिद्ध मोझेइक, म्हणजे खड्यांनी केलेले चित्र, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. किनारीसह त्याचे माप ५.८२ गुणिले ३.१३ मीटर आहे. आतल्या चित्रात अनेक छटा आहेत, पण किनार मात्र साध्या दातेरी पट्टीची असून चारही कोपऱ्यांत एकेक फूल बसवले आहे. एवढ्या तालेवार जमिनीतही पट्टी वळवण्याऐवजी कोपऱ्यात फूल बसवून मोकळे झालेले पाहून नवशिक्यांनी धीर धरावा.

कुळागर (सध्या लिस्बन)

वरील उत्तरात हिशेब चोख आला आहे. त्यात मी एका पाहण्याजोग्या स्थळाची भर घालतो. आपल्यापैकी अनेकांचे नातलग पोर्तुगालात असतात. तेथे जाणे झाल्यास कोइंब्रा शहराजवळचे कोनिंब्रिगा चुकवू नये. हे रोमन नगर आहे आणि तेथील कारंज्यांचे घर म्हणून ओळखली जाणारी वास्तू राजांगणाच्या घरात वाढलेल्या माणसाला लगेच उमगते. मधोमध उघडी बाग, तिच्यात पाण्याचा हौद व कारंजी, चारही अंगांनी खांबांची ओसरी, आणि त्या ओसरीच्या व भोवतालच्या खोल्यांच्या जमिनीवर मोझेइक. हे घर टिकले ते एका विचित्र कारणाने. संकटाच्या काळात नगरवासीयांनी घाईघाईने नवा तट बांधला, तो या घरावरून गेला आणि घर तटाबाहेर टाकून द्यावे लागले. वर माती-दगडांचा भराव पडल्यामुळे जमिनी झाकल्या गेल्या आणि म्हणूनच शाबूत राहिल्या. नगर मात्र वाचले नाही. ४६५ आणि ४६८ साली सुएव्ही या जर्मानिक टोळीच्या स्वाऱ्यांत ते हातचे गेले.

आपल्या दृष्टीने तेथे दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही की ओसरीसारख्या लांबट जागेत किनारीला आत आणि बाहेर अशा दोन कडा असतात आणि दोन्ही कडांना साध्या गडद रेषा मारून नक्षी बंदिस्त केलेली असते. या रेषा छायाचित्रांत नजरेत भरत नाहीत, पण त्या काढून टाकल्या तर नक्षी जमिनीवर वाहवत गेल्यासारखी दिसेल. दुसरी ही की भिंतीलगत बऱ्याचदा मोठ्या, ओबडधोबड खड्यांचा एक रंगहीन पट्टा सोडलेला असतो. रोमन घरांच्याही भिंती काटकोनात नसत. नक्षीची चौकट गुण्या लावून काटेकोर ठेवायची आणि भिंतीचा सगळा वाकडेपणा त्या बाहेरच्या पट्ट्याने पोटात घालायचा, अशी ती युक्ती होती. पट्टा एका टोकाला हातभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर असला, तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

लिस्बनच्या रोसियू चौकातील काळ्यापांढऱ्या दगडांच्या नागमोडी लाटा पाहून त्यांना रोमन म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती फरसबंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे आणि तिची लाट रोमन किनारीतील गुंडाळत जाणाऱ्या लाटेहून अगदी वेगळी आहे.

वसरीवाले (फोंडा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चारही बाजू सूत धरून पुन्हा मोजल्या. तीन बाजू सांगितल्याप्रमाणेच आहेत. देवघराकडची लांब बाजू मात्र ५.२० ऐवजी ५.३१ मीटर भरली.

दुसरी अडचण घरातूनच आली. मी मिअँडरची काही छायाचित्रे दाखवली, तेव्हा काकांनी लगेच बोट ठेवले की यात जागोजागी स्वस्तिक आहे आणि स्वस्तिकावर पाय देणे आपल्या घरात चालणार नाही. त्यावरून चर्चा वाढत गेली. रोमन लोकांचा भारताशी व्यापार होता, तेव्हा हे चिन्ह आपल्याकडूनच तिकडे गेले असावे, असे चुलत भावाचे ठाम म्हणणे आहे. यात कितपत तथ्य आहे? आणि रोमन लोकांना ते चिन्ह पायदळी येण्याचे काहीच वाटत नसे काय?

कुळागर (सध्या लिस्बन)

कोनिंब्रिगा येथेच एका घराला स्वस्तिकाचे घर असे नाव पडले आहे, ते तेथील मोझेइकमधील नक्षीवरूनच. व्यापाराचा मुद्दा खरा आहे. पोम्पेई येथे १९३८ साली भारतीय बनावटीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, हे सर्वज्ञात आहे. परंतु तेवढ्यावरून नक्षीचा प्रवास सिद्ध होत नाही, कारण ग्रीक मातीच्या भांड्यांवर मिअँडर आणि स्वस्तिक दोन्ही इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात, म्हणजे रोमनांच्या भारतीय व्यापाराच्या कितीतरी आधी, मुबलक दिसतात. काटकोनात वळणाऱ्या दोन रेषा एकमेकींना छेदू दिल्या की छेदाच्या ठिकाणी ते चिन्ह भूमितीनेच तयार होते. त्यासाठी कोणी कोणाकडून घ्यावे लागत नाही. किनारीत ते शंभर-शंभर वेळा येते, दाराच्या उंबऱ्यावर येते, स्नानगृहातही येते. प्रत्येक वेळी त्यात पूज्यभाव असावा असे मानणे कठीण आहे.

काकांचे म्हणणे मात्र आपल्या घरापुरते रास्त आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे. एकाच रेषेचा, कोठेही स्वतःला न छेदणारा मिअँडर घेतला तर स्वस्तिक होतच नाही.

आलेखवही (म्हापसा)

देवघराकडची बाजू ५.३१ निघाली हे बरे झाले, आधी कळले. आता हिशेब पुन्हा करू. ५.३१ मीटरांत ३५ वेढे घेतले तर प्रत्येक वेढा १५.१७ सेंटिमीटरांचा होतो. ३६ घेतले तर १४.७५ चा होतो आणि तो दिसायला इतरांशी अधिक जुळतो. पण मग एकूण संख्या १२७, म्हणजे विषम. म्हणून ३५ च घ्यावेत. शेजारच्या बाजूच्या १४.६४ शी तुलना केली तर फरक पाच मिलिमीटरांहून थोडा अधिक आहे. गोफात तो खपतो, मिअँडरमध्ये खपला नसता. दोन्ही पदर एकाच रंगमालिकेचे ठेवले, तर सम-विषमाची अट गळून पडते आणि ३६ घेता येतात. रोमन जमिनींतही असे एकरंगी गोफ आहेत. मला स्वतःला दोन रंगीच आवडतो.

एक गैरसमज अनेक पुस्तकांत आढळतो, त्याविषयी येथे लिहितो. मधले चित्र उस्ताद करी आणि किनार शिकाऊ पोरे भरत, असे सरसकट सांगितले जाते. चित्राच्या बाबतीत काही अंशी ते खरे आहे. चार मिलिमीटर किंवा त्याहून बारीक खड्यांची चित्रे कार्यशाळेत, दगडाच्या किंवा भाजक्या मातीच्या तबकात तयार करून आणली जात आणि जमिनीत बसवली जात. किनार मात्र जागेवरच करावी लागे. खडे दाबणारा हात पोराचा असेलही. पण खोली मोजून वेढ्यांची संख्या ठरवणारा, दोरीने आणि कर्काटकाने चुन्याच्या ओल्या थरावर रेषा ओढणारा माणूस मुरलेलाच असणार. अशा आखणीच्या कोरलेल्या आणि रंगवलेल्या रेषा खड्यांच्या खाली काही ठिकाणी सापडल्या आहेत. मोबदल्यात मात्र या कौशल्याला फारशी किंमत नव्हती. सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात जमिनीचे मोझेइक करणाऱ्याची रोजची मजुरी ५० दिनार ठरवली आहे, म्हणजे सुताराइतकीच, तर आकृती रंगवणाऱ्या चित्रकाराला १५० दिनार आहेत.

पानवेल (पणजी)

मूळ प्रश्न भौमितिक किनारींचा आहे, याची जाणीव ठेवून थोडक्यात लिहितो. किनार नेहमीच मधल्या चित्राची चाकर असते असे नाही. आजच्या तुर्कस्तानातील अँटिऑक या प्राचीन नगराजवळच्या दाफ्ने उपनगरात, याक्तो येथे १९३२ साली पाचव्या शतकातील एक मोठी जमीन सापडली. मध्यभागी शिकारीची दृश्ये आहेत, जी इतरत्रही शेकड्यांनी मिळतात. किनारीत मात्र कारागिराने त्या नगरातील इमारती, रस्ते आणि रस्त्यावरची माणसे क्रमाने दाखवली असून काही इमारतींवर ग्रीक लिपीत नावेही घातली आहेत. आज इतिहासकार त्या जमिनीकडे धाव घेतात ते किनारीसाठी.

इंग्लंडमधील फिशबोर्न येथे डॉल्फिनवर बसलेल्या बालमदनाची दुसऱ्या शतकातील जमीन आहे. तिच्या वेलीच्या किनारीत एके ठिकाणी एक इवलासा पक्षी बसवलेला आहे. बाकी सगळी वेल नियमाने चालते, पक्षी एकटाच आहे, म्हणून ती कारागिराची खूण असावी, असे मानले जाते. आपल्या गवंड्याला अशी एखादी मोकळीक द्यावी, असे सुचवावेसे वाटते. इंग्लंडमधीलच वूडचेस्टर येथील, ग्रीक पुराणातील गायक ऑर्फियसच्या भव्य जमिनीची अकॅन्थस या काटेरी झुडपाच्या पानांची किनारही अशीच दांडगी आहे, पण ती पाहता येत नाही. जमीन रक्षणासाठी पुन्हा मातीखाली झाकली आहे आणि १९७३ नंतर ती उघडलेली नाही.

चुनासुरखी (डिचोली)

नक्षीची चर्चा उत्तम झाली. तथापि खाली काय घालायचे, याबद्दल कोणीच लिहिले नाही आणि किनार उखडते ती नेहमी खालूनच. जुन्या इमारतींच्या चुन्याच्या कामाचा माझा अनुभव आहे, म्हणून लिहितो.

व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात जमिनीचे थर दिले आहेत. सर्वांत खाली मुठीत मावतील त्याहून लहान नसलेले दगड. त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना, खडी जुन्या बांधकामाची असेल तर पाच भागांस दोन भाग चुना; हा थर माणसांच्या टोळीने धुमसांनी ठोकून पाऊण रोमन फुटाहून, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटरांहून कमी नसावा. त्याच्यावर तीन भाग विटांचा चुरा आणि एक भाग चुना, जाडी सहा अंगुळे, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. खडे बसतात ते याच्याही वर. प्रत्यक्षात उत्खननांत सापडलेल्या पुष्कळ जमिनी यापेक्षा पातळ आहेत, तेव्हा आकड्यांचा बाऊ करू नये. क्रम मात्र पाळावा. आपल्या गवंड्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. विटांचा चुरा आणि चुना म्हणजे सुरखीच, आणि ठोकून केलेला थर म्हणजे तुमचा जुना कोबा. जो कोबा अजून धडधाकट आहे, तो उकरू नये. त्यावरच सुरखीचा थर घ्यावा.

राजांगण उघडे आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर किनारीवर पावसाचे शिंतोडे येतच राहणार. उघड्यावरच्या जमिनीसाठी व्हिट्रुव्हियस दर दहा फुटांस दोन अंगुळांचा उतार सांगतो. रोमन फूट सोळा अंगुळांचा, तेव्हा हे प्रमाण ८० स १ पडते. आपल्या १.८० मीटर रुंद वसरीला राजांगणाच्या दिशेने सव्वादोन सेंटिमीटर उतार द्यावा लागेल. पाणसळ लावून तो आधी सुरखीच्या थरातच घ्यावा. खडे खालीवर दाबून उतार साधण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास गोफाच्या डोळ्यांत पाणी साचते. हिवाळ्यापूर्वी अशा जमिनींना दरवर्षी तेलाचा गाळ पाजावा, असेही तो लिहितो, पण ते हिमापासून बचाव करण्यासाठी आहे. आपल्याकडे ते करू नये. शेवाळाशी झुंजणेच पुरे आहे.

आता दगड. चिरा, म्हणजे जांभा दगड, या कामाला घेऊ नये. तो सच्छिद्र असतो आणि सेंटिमीटरभर तुकड्याची धार राहत नाही. पांढऱ्यासाठी संगमरवराचे उरलेले तुकडे फरशीवाल्याकडे स्वस्तात मिळतात, पिवळ्यासाठी जैसलमेरचा दगड चांगला, काळ्यासाठी कडप्पा चालेल, फक्त ज्यांचे पापुद्रे सुटतात ते तुकडे बाजूला टाकावेत. तांबड्यासाठी दगड शोधतच बसू नये. रोमन कारागीर अनेक प्रांतांत तांबडा रंग फुटक्या विटाकौलांतूनच काढत असत, आणि आपल्या घरावरची जुनी मंगळुरी कौले पक्की भाजलेली असतील तर अनवाणी वावराच्या वसरीला ती सहज टिकतील. शाकारणीत फुटलेली कौले फेकू नका, एवढेच सांगतो.

खड्यांची संख्याही लक्षात घ्यावी. किनारीची एकूण लांबी पावणेएकोणीस मीटरांच्या जवळ आहे. २० सेंटिमीटर रुंदीत एक सेंटिमीटरचे खडे लावले तर सुमारे ३७ हजार खडे कापावे लागतील. दीड सेंटिमीटरचे घेतले तर साडेसोळा हजारांच्या आसपास. दीडचे घ्यावेत असे माझे मत आहे.

आलेखवही (म्हापसा)

दीड सेंटिमीटरच्या खड्यांना माझा एकच आक्षेप आहे. २० सेंटिमीटर रुंदीत मग आडव्या तेराच ओळी मावतात. कडांच्या दोन गडद रेषा वजा केल्या की गोफाला अकरा उरतात, आणि तेवढ्यात प्रत्येक पदराला तीन छटा देणे शक्य नाही. दोनच छटा, तांबडा आणि पांढरा, करडा आणि पांढरा, अशा ठेवाव्या लागतील. खर्चाच्या दृष्टीने ते मान्य असेल तर अवश्य करावे. इटलीतील पहिल्या-दुसऱ्या शतकांतील पुष्कळ जमिनी केवळ काळ्यापांढऱ्या आहेत आणि त्यांचे काही अडले नाही. मधला मार्गही आहे : नक्षी एक सेंटिमीटरच्या खड्यांत आणि कडांच्या रेषा व भिंतीलगतचा पट्टा मोठ्या खड्यांत, जसा कुळागर यांनी कोनिंब्रिगाच्या संदर्भात सांगितला.

वसरीवाले (फोंडा)

मधला मार्ग घरात सर्वांना पटला आहे आणि पदर दोन रंगी ठेवण्याचे ठरले. शेवटचा प्रश्न : खडे लावण्यास सुरुवात कोठून करावी? गवंडी म्हणतो, दाराकडून.

आलेखवही (म्हापसा)

दाराकडून नव्हे, कोपऱ्यांतून. चारही कोपऱ्यांतील वळणे आधी पूर्ण करून घ्यावीत, कारण तेथे तडजोडीला जागा नसते. मग प्रत्येक बाजूवर दोन्ही टोकांकडून मध्याकडे सरकत यावे. सुरखीच्या थरावर वेढ्यांच्या खुणा आधीच टोचून ठेवाव्यात आणि पदरांच्या फक्त गडद कडा प्रथम लावाव्यात; आतले रंग नंतर भरता येतात. कितीही काळजी घेतली तरी मध्यावर थोडी ओढाताण होईल. ती एका वेढ्यात कोंबू नये, अलीकडच्या पलीकडच्या चार-पाच वेढ्यांत वाटून द्यावी. रोमन किनारी बारकाईने पाहिल्या तर बाजूच्या मध्याजवळ काही वेढे असेच दबलेले किंवा ताणलेले आढळतात. देवघराकडची लांब बाजू सर्वांत शेवटी घ्यावी, म्हणजे तेथील मोठ्या वेढ्याला हात सरावलेला असेल. दाराचा उंबरा मध्ये येत असल्यास किनार तेथे तोडू नये, उंबऱ्याच्या आतून सरळ न्यावी. चटई टाकल्यासारखा वेगळा तुकडा उंबऱ्यापुढे हवाच असेल, तर तो स्वतंत्र चौकटीत करावा.

चुनासुरखी (डिचोली)

याला एक पुरवणी. चुन्याचा वरचा थर एका वेळी तासाभरात जेवढा भरता येईल तेवढाच पसरावा आणि काम झालेला भाग ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा. चुन्याला घट्ट व्हायला वेळ लागतो आणि कडक उन्हात तो वरून वाळून खालून कच्चा राहतो, म्हणून राजांगणावर काम संपेपर्यंत झावळ्यांचा मांडव घालून घ्यावा.